पिट्सबर्ग विद्यापीठाचा सर्वश्रेष्ठ बचावपटू कोण? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा वाद नेमका कोणाविषयी आहे?

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या पिट्सबर्ग विद्यापीठाचा फुटबॉल संघ, ज्याला सगळे ‘पिट’ म्हणतात, शंभराहून अधिक वर्षे खेळत आला आहे आणि त्याने व्यावसायिक फुटबॉलला दिलेल्या बचावपटूंची यादी थक्क करणारी आहे. तरीही ‘पिटच्या इतिहासातील सर्वश्रेष्ठ बचावपटू कोण’ असे विचारले की चर्चा बहुतेक वेळा दोन नावांवर येऊन थांबते. पहिले नाव ह्यू ग्रीन यांचे. त्यांनी १९७७ ते १९८० या काळात ९९ क्रमांकाची जर्सी घालून बचावफळीच्या टोकाला खेळ केला. दुसरे नाव ॲरन डोनाल्ड यांचे. ते २०१० ते २०१३ या काळात ९७ क्रमांकाच्या जर्सीत बचावफळीच्या मध्यभागी खेळले. बाकीची नावे मोठी आहेत आणि त्यांचा विचार पुढे केला आहे, पण वादाचा खरा गाभा या दोघांमध्येच आहे.

अमेरिकन फुटबॉल फारसा न पाहणाऱ्या वाचकाने एवढ्यापुरते काय समजून घ्यावे?

या खेळात आक्रमणासाठी अकरा आणि बचावासाठी वेगळे अकरा खेळाडू मैदानात उतरतात, त्यामुळे बचावपटू हा त्याच कामात मुरलेला तज्ज्ञ असतो. आक्रमक संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे असते आणि प्रत्येक प्रयत्न जमिनीवरच्या एका काल्पनिक रेषेपासून सुरू होतो. चेंडू घेऊन पळणाऱ्याला खाली पाडणे म्हणजे टॅकल. त्याला रेषेच्या मागेच पाडले तर आक्रमणाला यार्ड गमवावे लागतात, म्हणून अशा टॅकलची नोंद वेगळी ठेवतात. क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाचा सूत्रधार, चेंडू फेकण्याआधीच रेषेमागे पाडला गेला तर त्याला सॅक म्हणतात. डिफेन्सिव्ह एंड फळीच्या कडेला उभा राहतो, तर डिफेन्सिव्ह टॅकल मधोमध, जिथे दोन-दोन धिप्पाड खेळाडू त्याच्या अंगावर येतात. हा शेवटचा फरक लक्षात ठेवावा, कारण पुढे तो महत्त्वाचा ठरतो.

ह्यू ग्रीन यांच्या बाजूने सर्वांत भक्कम मुद्दा कोणता?

सातत्य. मिसिसिपी राज्यातल्या नॅचेझ या नदीकाठच्या गावातून आलेला हा मुलगा १९७७ च्या सप्टेंबरमध्ये नोत्र दामविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात मैदानात उतरला, त्याने क्वार्टरबॅकला दोनदा पाडले आणि एक पंटही (लाथेने चेंडू दूर मारण्याचा प्रयत्न) अडवली. नोत्र दामने तो सामना जिंकला आणि त्याच हंगामात राष्ट्रीय विजेतेपदही मिळवले. म्हणजे ग्रीन यांचे पदार्पण कोण्या लिंबूटिंबू संघासमोर झालेले नव्हते. महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघात खेळण्याची मुभा १९७२ पासूनच मिळाली होती, आणि त्या मुभेचा ग्रीन यांच्याइतका पुरेपूर उपयोग करून घेणारा बचावपटू शोधूनही सापडणे कठीण आहे.

त्यानंतर १९७८, १९७९ आणि १९८० अशा सलग तीन वर्षी त्यांची सर्वमान्य ऑल-अमेरिकन म्हणून निवड झाली. देशातल्या प्रमुख निवड समित्यांच्या याद्या एकत्र धरल्यावर हा मान ठरतो, आणि तो एकदा मिळाला तरी खेळाडूचे नाव विद्यापीठाच्या भिंतीवर कायमचे लागते. तीनदा मिळवणारे अगदी मोजके. ते संघात असताना पिटने चार हंगामांत ३९ सामने जिंकले, ८ गमावले आणि १ बरोबरीत सोडवला. शेवटचे दोन्ही हंगाम ११ विजय आणि १ पराभव असे संपले, आणि १९८० च्या अखेरच्या क्रमवारीत पिट देशात दुसऱ्या स्थानावर होता.

सुमारे सहा फूट दोन इंच उंची आणि शंभर किलोंच्या आसपास वजन हे आजच्या मोजमापाने बचावफळीच्या कडेसाठी किरकोळच वाटेल. ग्रीन यांचे बळ वेगात होते आणि त्याहून अधिक खेळाच्या वाचनात होते. चेंडू आपल्या विरुद्ध बाजूला गेला तरी मागून धाव घेऊन धावपटूला गाठणे ही त्यांची खासियत, आणि त्यांच्या नावावरील टॅकलची संख्या चारशेच्या वर जाण्याचे कारण तेच. कडेला उभ्या असलेल्या खेळाडूसाठी हा आकडा असाधारण आहे.

आणि डोनाल्ड यांच्या बाजूने?

त्यांचा २०१३ चा हंगाम. फळीच्या मधोमध खेळणाऱ्याने एका हंगामात रेषेमागे २८.५ टॅकल करावेत, त्यात ११ सॅक असावेत आणि शिवाय चार वेळा प्रतिस्पर्ध्याच्या हातून चेंडू सोडवावा, हे त्या जागेची कल्पना असलेल्यांना आजही खरे वाटत नाही. (अर्धा आकडा आला की एका टॅकलचे श्रेय दोघांत वाटले गेले, असे समजावे.) त्या वर्षी आउटलँड, लोम्बार्डी, बेडनारिक आणि नागर्स्की हे चारही पुरस्कार त्यांना मिळाले आणि ऑल-अमेरिकन निवडही एकमताने झाली.

आकड्यांपेक्षा अधिक बोलका आहे तो नोव्हेंबर २०१३ मधला जॉर्जिया टेकविरुद्धचा सामना. जॉर्जिया टेकचे आक्रमण ट्रिपल ऑप्शन पद्धतीचे होते, म्हणजे चेंडू फेकायचा कमी आणि तीन संभाव्य धावपटूंपैकी कोणाकडे तो जाईल हे शेवटच्या क्षणापर्यंत झाकून ठेवायचे. अशा आक्रमणासमोर मधला बचावपटू सहसा गर्दीत हरवतो. डोनाल्ड यांनी त्या दिवशी एकट्याने रेषेमागे सहा टॅकल केले. पिट तो सामना २१–१० असा हरला, आणि डोनाल्ड यांच्या महाविद्यालयीन कारकिर्दीची खंतही त्यातच दिसून येते.

दोघांचे आकडे शेजारी मांडून निकाल का लावता येत नाही?

मुख्य कारण असे की ते आकडे एकाच मापाने मोजलेले नाहीत. महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएएने बचावाची आकडेवारी अधिकृतपणे ठेवायला २००० मध्ये सुरुवात केली. ग्रीन यांचे आकडे त्याआधीचे, विद्यापीठाच्या स्वतःच्या नोंदींतून आलेले आहेत, आणि म्हणूनच त्यांच्या सॅकची संख्या वेगवेगळ्या ठिकाणी थोडी वेगळी सापडते. ती पन्नासच्या आसपास आहे, एवढे धरून चालावे. डोनाल्ड यांचे २९.५ सॅक आणि रेषेमागचे ६६ टॅकल मात्र अधिकृत नोंदीतले आहेत.

दुसरे कारण खेळाच्या बदललेल्या स्वरूपात आहे. ग्रीन यांच्या काळात बहुतेक संघ चेंडू घेऊन पळण्यावर विसंबून असत, त्यामुळे क्वार्टरबॅकला फेकण्याआधी पाडण्याची संधीच सामन्यात कमी वेळा येई. तरीही पन्नासच्या आसपास सॅक होतात, याचा अर्थ संधी मिळाली की ती ते क्वचितच सोडत. उलट बाजूने हेही मान्य करायला हवे की त्या काळात आक्रमणाचे नियोजन सोपे होते आणि एकाच खेळाडूला रोखण्यासाठी अख्खी योजना बदलण्याची पद्धत आजच्याइतकी रुळलेली नव्हती. दोन्ही गोष्टी खऱ्या असल्यामुळे कागदावरची बेरीज-वजाबाकी एका मर्यादेपलीकडे उपयोगी पडत नाही.

डोनाल्ड यांची एनएफएलमधील, म्हणजे व्यावसायिक लीगमधील, कारकीर्द विचारात घेऊ नये का?

घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. या वादात सर्वाधिक घोळ होतो तो याच ठिकाणी.

डोनाल्ड यांना २०१४ च्या निवडीत, म्हणजे व्यावसायिक संघ क्रमाने नवे खेळाडू घेतात तेव्हा, रॅम्स संघाने तेराव्या क्रमांकावर घेतले. बारा संघांनी त्यांना वगळले त्यामागे उंचीचे कारण मोठे होते, कारण सहा फूट एक इंच उंचीचा मधला बचावपटू व्यावसायिक फळीत टिकणार नाही, असे तेव्हा अनेकांना वाटत होते. पुढे काय झाले हे सर्वांना ठाऊक आहे. २०१७, २०१८ आणि २०२० असा तीनदा वर्षातील सर्वोत्तम बचावपटूचा मान, दहा हंगामांत १११ सॅक, फेब्रुवारी २०२२ मध्ये सिनसिनाटीला २३–२० ने हरवून मिळवलेले सुपर बोल या अंतिम सामन्याचे विजेतेपद आणि मार्च २०२४ मध्ये, अजून बरेच देण्यासारखे असताना, घेतलेली निवृत्ती.

ग्रीन यांची व्यावसायिक कारकीर्द तुलनेने लहान दिसते. १९८१ मध्ये टँपा बे संघाने त्यांना सातव्या क्रमांकावर घेतले, लाइनबॅकर (फळीच्या मागे उभा राहणारा बचावपटू) म्हणून खेळवले आणि पहिल्या काही वर्षांत ते दोनदा प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडले गेले. पण १९८४ मधल्या मोटार अपघातात त्यांना जबर दुखापत झाली. त्यानंतर ते मायामी संघात गेले आणि तिथे बरीच वर्षे खेळले, मात्र पूर्वीची धार परतली नाही.

आता प्रश्न असा की नॅचेझच्या त्या मुलाने १९७९ मध्ये पिट स्टेडियमवर जे केले ते १९८४ च्या अपघाताने कमी होते का? किंवा डोनाल्ड यांनी लॉस एंजेलिसमध्ये मिळवलेल्या सॅकमुळे २०११ चा पिटचा हंगाम मागे जाऊन सुधारतो का? विद्यापीठाच्या इतिहासातील श्रेष्ठत्व विद्यापीठाच्या जर्सीत केलेल्या खेळावरच ठरायला हवे. रणजी स्पर्धेतील थोरवी ठरवताना कसोटीतल्या धावा मोजणारा माणूस आपल्याकडेही भेटतो, आणि त्याच्याशी वाद घालून काही निष्पन्न होत नाही, हाही अनुभव सारखाच आहे.

पुरस्कारांची संख्या मोजली तर?

चटकन उत्तर हवे असणाऱ्यांना ही वाट आवडते, पण ती फसवी आहे. डोनाल्ड यांनी मिळवलेल्या चार पुरस्कारांपैकी नागर्स्की आणि बेडनारिक हे दोन १९९० च्या दशकात सुरू झाले, तेव्हा ग्रीन यांना ते मिळण्याचा प्रश्नच नव्हता. आउटलँड पुरस्कार फळीच्या आतल्या भागात खेळणाऱ्यांसाठी आहे, त्यामुळे कडेला खेळणारे ग्रीन त्या शर्यतीतच नव्हते. या चारपैकी ज्या पुरस्कारासाठी दोघेही पात्र होते तो लोम्बार्डी, आणि तो दोघांनीही जिंकला.

याउलट १९८० मध्ये ग्रीन यांना मॅक्सवेल आणि वॉल्टर कॅम्प हे पुरस्कार मिळाले. हे केवळ बचावपटूंचे पुरस्कार नाहीत. आक्रमण आणि बचाव मिळून देशातल्या सर्वोत्तम खेळाडूसाठी ते दिले जातात. बचावपटूने ते घेऊन जाणे दुर्मिळ असते, म्हणून आमच्या लेखी या दोन पुरस्कारांचे वजन थोडे जास्त आहे.

हाइजमन करंडकाचे काय झाले?

देशातल्या सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूला १९३५ पासून दिला जाणारा हाइजमन करंडक बचावपटूंच्या बाबतीत कायम हात आखडता घेत आला आहे. १९८० च्या मतदानात साउथ कॅरोलिनाचे धावपटू जॉर्ज रॉजर्स पहिले आले आणि ग्रीन दुसरे. जॉर्जियाचे हर्शेल वॉकर त्यांच्या मागे तिसरे होते. पुढे १९९७ मध्ये मिशिगनचे चार्ल्स वुडसन यांनी कॉर्नरबॅक (कडेला राहून फेकलेला चेंडू अडवणारा बचावपटू) असूनही तो जिंकला, पण ते अधूनमधून आक्रमणातही खेळत आणि पंट परतवत. २०२४ चे विजेते कोलोरॅडोचे ट्रॅव्हिस हंटर तर दोन्ही बाजूंनी पूर्णवेळ खेळत. निव्वळ बचावावर खेळणाऱ्यांची मजल दुसऱ्या स्थानापर्यंतच गेली आहे. २०१२ मध्ये नोत्र दामचे मँटाय टेओ आणि २०२१ मध्ये मिशिगनचे एडन हचिन्सन तिथवर पोहोचले.

१९८० च्या कथेला एक छान शेपूट आहे. त्याच वर्षी २९ डिसेंबरला गेटर बोल या हंगामाअखेरच्या सामन्यात पिट आणि साउथ कॅरोलिना, म्हणजे ग्रीन आणि रॉजर्स, समोरासमोर आले. पिटने तो सामना ३७–९ असा जिंकला. मतपेट्या मात्र तोवर उघडून झाल्या होत्या.

ग्रीन यांना चांगले सहकारी मिळाले, हा आक्षेप कितपत खरा आहे?

बऱ्याच अंशी खरा आहे, आणि डोनाल्ड यांच्या समर्थकांचा हाच सर्वांत चांगला युक्तिवाद आहे. प्रशिक्षक जॅकी शेरिल यांच्या १९८० च्या संघात ग्रीन यांच्या विरुद्ध टोकाला रिकी जॅक्सन होते, जे पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मानयादीत, गेले. आक्रमणाकडे डॅन मरिनो, मार्क मे, जिम्बो कोव्हर्ट आणि रस ग्रिम होते. अशा संघासमोर प्रतिस्पर्धी सतत पिछाडीवर असतो, त्याला नाइलाजाने चेंडू फेकावा लागतो आणि एका कडेवर सगळे बळ लावून दुसरी मोकळी सोडता येत नाही.

डोनाल्ड यांच्या वाट्याला याच्या उलट परिस्थिती आली. चार वर्षांत डेव्ह वॉनस्टेट, टॉड ग्रॅहम आणि पॉल क्रिस्ट असे तीन मुख्य प्रशिक्षक झाले, संघ बिग ईस्ट या विद्यापीठ-गटातून एसीसी या दुसऱ्या गटात गेला आणि चार हंगामांची एकूण गोळाबेरीज २७ विजय, २५ पराभव अशी राहिली. समोरच्या प्रशिक्षकाला सामन्याच्या आठवड्यात एकच काम असे, ते म्हणजे ९७ क्रमांकाला दोघांनी धरायचे. ते माहीत असूनही त्यांना थांबवता आले नाही. हंगामाच्या दर्जाचा निकष एवढाच असता, तर २०१३ चे डोनाल्ड हे पिटने पाहिलेले सर्वोत्तम बचावपटू होत, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

डरेल रेव्हिस यांचे नाव पुढे का येत नाही?

ते यायला हवे. २०२३ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेलेले रेव्हिस हे पिट्सबर्गजवळच्या अलिक्विपाचे, आणि २००४ ते २००६ अशी तीन वर्षे ते पिटकडून कॉर्नरबॅक म्हणून खेळले. अडचण अशी की चांगल्या कॉर्नरबॅककडे क्वार्टरबॅक चेंडू फेकतच नाही. कबड्डीत चढाईपटू ज्या कोपऱ्याकडे फिरकायलाच धजत नाही, त्या कोपरारक्षकाच्या नावावर पकडी कमी दिसतात, तशातला हा प्रकार. लोकांच्या आठवणीत राहिली ती २००६ मधली वेस्ट व्हर्जिनियाविरुद्धची ७३ यार्डांची पंट परतवणूक, आणि गंमत म्हणजे ती बचावाच्या खात्यात धरलीच जात नाही. चौथे वर्ष न खेळताच ते व्यावसायिक फुटबॉलकडे वळले, त्यामुळे ग्रीन यांच्याशी तुलना अपुरी राहते.

जुन्या पिढीतले जो श्मिट आणि माइक डिट्का?

श्मिट १९५० ते १९५२ या काळात लाइनबॅकर होते. १९५२ मध्ये कर्णधार म्हणून त्यांनी नोत्र दामला त्यांच्याच मैदानावर २२–१९ असे हरवले, आणि त्या सामन्यात चेंडू मधेच झेलून केलेला त्यांचा टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन मिळवलेले गुण) निर्णायक ठरला. पुढे डेट्रॉइटमध्ये मधल्या लाइनबॅकरची जागा कशी खेळायची याचा वस्तुपाठच त्यांनी घालून दिला, पण ते पुन्हा व्यावसायिक कारकिर्दीचे श्रेय झाले. पिटमध्ये दुखापतींनी त्यांना वारंवार सतावले.

डिट्का यांच्या काळात, म्हणजे १९५८ ते १९६० मध्ये, खेळाडू बदलण्यावर बंधने असल्याने एकच माणूस आक्रमण आणि बचाव दोन्ही करी. ते एंड होते, बचावातही खेळत आणि पंटही मारत. त्यांना बचावपटू म्हणून वेगळे काढणे म्हणजे दूधपाण्याचा निवाडा, आणि तो करण्याइतकी नोंद त्या काळी कोणी ठेवलेली नाही.

रिकी जॅक्सन आणि ख्रिस डोलमन?

दोघेही हॉल ऑफ फेममध्ये आहेत आणि दोघांचेही मोठेपण मुख्यतः व्यावसायिक मैदानावरचे आहे. जॅक्सन यांच्याबद्दल एवढे नक्की म्हणावेसे वाटते की ग्रीन यांच्या सावलीत खेळावे लागले नसते, तर या यादीत त्यांचे नाव बरेच वर असते.

डोनाल्ड यांच्या पेन हिल्स या गावाचे नाव ओळखीचे का वाटते?

अमेरिकेत राहणाऱ्या किंवा तिथे मुलाबाळांकडे जाऊन आलेल्या अनेक मराठी वाचकांना ते श्री वेंकटेश्वर मंदिरामुळे माहीत असते. १९७० च्या दशकात उभे राहिलेले ते टेकडीवरचे पांढरेशुभ्र मंदिर पिट्सबर्गच्या पूर्वेकडील याच उपनगरात आहे. डोनाल्ड तिथलेच, पेन हिल्स हायस्कूलमध्ये शिकले आणि काही मैलांवरच्या पिटमध्ये खेळले. पुढे त्यांनी विद्यापीठाला मोठी देणगी दिली आणि फुटबॉल संघाच्या सराव केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले. घरचा मुलगा म्हणून गावाचा ओढा त्यांच्याकडे असणे स्वाभाविक आहे, आणि मतमोजणीत तो ओढा थोडा उतरतोच.

तर मग अंतिम मत काय?

ह्यू ग्रीन. चार हंगाम, पहिल्या सामन्यापासून अखेरच्या सामन्यापर्यंत, एकही वाया न घालवता. डोनाल्ड यांचे २०१३ हे वर्ष पिटच्या बचावपटूंमध्ये सर्वांत उंच शिखर आहे, पण २०१० मध्ये ते राखीव खेळाडूच होते आणि २०१२ मध्ये त्यांचे सॅक ५.५ वर आले होते. ग्रीन यांच्या बाबतीत १९७८ चांगले की १९८०, असा वाद होऊ शकतो; कमी प्रतीचे वर्ष कोणते, असा वाद मात्र होत नाही. ज्यांना एका शिखराला पठारापेक्षा अधिक मोल द्यावेसे वाटते त्यांचे उत्तर वेगळे येईल, आणि ते चूक आहे असे आम्ही म्हणणार नाही.

यापुढे कोणी या दोघांच्या पंक्तीत बसू शकेल का?

अवघड आहे. २०२२ मध्ये कॅलायजा कॅन्सी यांची मध्यफळीतून ऑल-अमेरिकन म्हणून एकमताने निवड झाली, तेव्हा उंची, चपळाई आणि जागा या तिन्ही बाबतींत त्यांची डोनाल्ड यांच्याशी तुलना झाली. पण महाविद्यालयीन वर्षे शिल्लक असतानाच ते २०२३ च्या निवडीत उतरले. आता खेळाडूंना विद्यापीठ बदलणे सोपे झाले आहे आणि नावाच्या वापरातून पैसेही मिळतात, त्यामुळे एकाच जर्सीत चार वर्षे काढणारा तारा विरळ होत चालला आहे. कॅन्सी यांना घेणारा संघ होता टँपा बे, ज्याने बेचाळीस वर्षांपूर्वी ह्यू ग्रीन यांना घेतले होते.